शिट्टी कधी वाजणार?

२० नोव्हेंबर २०२२ चा तो रविवार. कतार देशात फुटबॉलचा विश्वचषक सुरू होणार म्हणून आमच्या खोलीत संध्याकाळपासूनच गर्दी जमली होती. थोरल्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. आमच्या मिसेसनी भजी तळायला घेतली. आपल्या घड्याळाप्रमाणे सामना रात्री साडेनऊचा होता. पण उद्घाटनाचा सोहळा आठ वाजून गेल्यावर लगेच सुरू होणार होता. त्यामुळे मुले आठापासूनच पुढची जागा धरून बसली होती.

तेवढ्यात मागच्या चाळीतला एक मुलगा ‘जयभीम काका’ म्हणत दारात आला. हा मुलगा चार वर्षे कतारमध्येच होता. सेंट्रिंगच्या कामावर. कोरोनाच्या साथीत काम सुटले आणि तो घरी परतला. त्याला आम्ही मुद्दाम खुर्ची दिली. म्हटले, तुझ्याच गावचा कार्यक्रम आहे, बस.

सोहळा सुरू झाला. अल खोर येथील अल बैत हे तंबूच्या आकाराचे भव्य मैदान. उंट आले, गाणी झाली, नाच झाले. हॉलिवूडचे नामवंत नट मॉर्गन फ्रीमन आले. कोरियाचा गायक जुंग कुक गायला. आमच्या धाकटीने त्याला पाहून टाळ्या पिटल्या. मग देशोदेशीचे राजे आणि अध्यक्ष दाखवले. भाषण झाले. आतषबाजी झाली. आमचे लक्ष मात्र त्या मुलाकडे होते. तो नाच पाहत नव्हता. तो छत पाहत होता, खांब पाहत होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “काका, एवढं सगळं दाखवलं. ज्यांनी बांधलं त्यांना एकदा तरी मैदानातून फिरवायचं होतं. आमच्या कॅम्पातली एक बस तरी.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आई तेवढी म्हणाली, “घे बाबा, भजी घे.”

पुढे सामना सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरच्या एन्नर व्हॅलेन्सियाने चेंडू जाळ्यात मारला, पण तो ऑफसाइड ठरला. नंतर सोळाव्या मिनिटाला पेनल्टीवर आणि एकतिसाव्या मिनिटाला डोक्याने मारून त्यानेच दोन गोल केले. यजमान कतार हरले. आणि एक गोष्ट साऱ्या जगाने पाहिली. मध्यंतरानंतर मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. साठ हजारांवर माणसे सोहळ्याला होती, पण खेळ संपेपर्यंत त्यातली बरीच निघून गेली होती. म्हणजे माणसे नेमकी कशाला आली होती, हा प्रश्नच आहे.

याच स्पर्धेची आणखी एक गंमत वाचकांना सांगतो. मूळ वेळापत्रकात ही स्पर्धा २१ नोव्हेंबरला सुरू व्हायची होती आणि पहिला सामना सेनेगल व नेदरलँड्स यांचा होता. कतारचा सामना त्याच दिवशी रात्री होता. मग पहिला मान यजमानांचा आणि सोहळा पहिल्या सामन्याआधी, या रिवाजासाठी ऑगस्टमध्ये कतारचा सामना एक दिवस अलीकडे ओढला. लोकांनी तिकिटे काढलेली, खोल्या घेतलेल्या. पण सोहळ्यासाठी तारीख हलली! लग्नात नवरदेवापेक्षा बँडवाल्याच्या सोयीने मुहूर्त काढावा, तसे झाले.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि पंचवीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत गेली. त्यामुळे कोणताही कार्यक्रम पाहिला की, यात जमेला काय आणि नावे काय, असा विचार आपोआप मनात येतो. फुटबॉलच्या या उद्घाटन सोहळ्यांचा ताळेबंद मांडावा, असे त्या रात्री आमच्या मनाने घेतले.

आम्ही विश्वचषक पहिल्यांदा पाहिला तो १९९० चा. तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. चाळीत एकच रंगीत टीव्ही आणि त्याच्यासमोर चाळीस माणसे. इटलीच्या मिलान शहरात ८ जूनला सोहळा झाला. फुटबॉलच्या मैदानावर फॅशनचे कपडे घातलेल्या बायका चालत होत्या. आम्हा पोरांना काही कळेना. एक पोरगा सारखा विचारत होता, “शिट्टी कधी वाजणार?” त्या सोहळ्यातले आज आम्हाला एवढेच आठवते. पण त्यानंतरचा सामना? तो आजही डोळ्यांसमोर आहे. जगज्जेता अर्जेंटिना, त्यात मॅराडोना. आणि समोर आफ्रिकेतला कॅमेरून. कॅमेरूनचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले, शेवटी नऊच उरले. तरीही ओमाम-बियिकच्या डोक्याने मारलेल्या एका गोलावर ते जिंकले! त्या रात्री चाळीतली माणसे अशी नाचली की वाटावे, कॅमेरून आपल्याच तालुक्यात आहे.

१९९४ साली अमेरिकेत शिकागोला सोहळा झाला. गायिका डायना रॉस हिने धावत येऊन गोलात चेंडू मारायचा आणि चेंडूच्या जोराने गोलचे खांब दुभंगायचे, असे ठरले होते. तिचा चेंडू गोलच्या बाहेरून गेला. तरी खांब ठरल्याप्रमाणे दुभंगले! चेंडू कुठेही जावो, कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच होणार. या सोहळ्यांचे याहून नेमके चित्र आम्हाला सापडलेले नाही.

२००२ साली सोलमध्ये काय नाच झाला, हे आम्हाला विचाराल तर सांगता येणार नाही. पण त्यानंतर सेनेगलने फ्रान्सला हरवले, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगू. ज्या फ्रान्सने सेनेगलवर राज्य केले, जो फ्रान्स त्या वेळचा जगज्जेता, त्याला पापा बूबा दियोपच्या एका गोलने खाली बसवले. गोल झाल्यावर त्या खेळाडूंनी अंगातला शर्ट काढून कोपऱ्यातल्या निशाणापाशी जमिनीवर ठेवला आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचले. तोच खरा उद्घाटनाचा नाच! तो कोणी बसवलेला नव्हता. त्याची तालीम झाली नव्हती.

मग वाटते, या सोहळ्याची गरज होती कधी? पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला. राजधानी माँटेव्हिडिओमध्ये सेंतेनारियो नावाचे मोठे मैदान बांधायला घेतले होते, पण ते वेळेत पुरे झाले नाही. म्हणून स्पर्धा थांबली का? नाही. १३ जुलैला दोन लहान मैदानांवर एकाच वेळी दोन सामने सुरू झाले. फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकातला पहिला गोल केला. मोठे मैदान पाच दिवसांनी, १८ जुलैला खुले झाले. आधी खेळ, मग थाट. सुरुवात अशी साधी होती.

हा थाट निरर्थक आहे, एवढ्यावर आम्ही थांबलो असतो. पण जुने प्रसंग वाचत गेलो तेव्हा कळले की खेळाच्या दृष्टीने तो निरर्थक असला तरी काही लोकांच्या फार उपयोगाचा असतो.

१९७८ साली विश्वचषक अर्जेंटिनात होता. दोन वर्षांपूर्वी तिथे लष्कराने सत्ता बळकावली होती. माणसे रात्री घरातून उचलली जात आणि पुन्हा दिसत नसत. अशी नाहीशी झालेली माणसे तीस हजार असल्याचे तिथल्या मानवी हक्क संघटना सांगतात. १ जूनला ब्युनोस आयर्सच्या मैदानावर उद्घाटन झाले. शेकडो मुलामुलींनी सुंदर कवायती केल्या. लष्करशहा विदेला याने शांततेवर भाषण केले. होय, शांततेवर! त्या मैदानापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर नौदलाची एक शाळा होती आणि त्या शाळेत माणसांना डांबून छळले जात होते. तिथून जिवंत सुटलेल्यांनी पुढे सांगितले की मैदानावरचा जल्लोष त्यांना कोठडीत ऐकू येत असे.

तो दिवस गुरुवार होता. दर गुरुवारी नाहीशा झालेल्या मुलांच्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून शहरातल्या मायो चौकात जमत. त्या दिवशीही त्या आल्या. हॉलंडचे काही पत्रकार सोहळा सोडून त्यांच्याकडे गेले आणि त्यांचे चित्रण केले. त्या कवायती आज कोणाच्या लक्षात नाहीत. त्या आया मात्र इतिहासात गेल्या. आणि कवायतीनंतरचा उद्घाटनाचा सामना? पश्चिम जर्मनी शून्य, पोलंड शून्य.

दुसरा प्रसंग १९७८ इतका जुना नाही. १२ जून २०१४, ब्राझीलमधले साओ पावलो शहर. हे मैदान बांधताना आधीच्या नोव्हेंबरमध्ये क्रेन कोसळून दोन कामगार मेले होते. सोहळा झाला. सामन्याआधी तीन मुले मैदानाच्या मध्यावर आली. एक गोरे, एक काळे, एक आदिवासी. तिघांनी पांढरी कबुतरे सोडली. आमच्या देशात सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात, हे जगाला दाखवायचे होते. त्यातला आदिवासी मुलगा ग्वारानी जमातीचा, वय वर्षे तेरा. कबुतर सोडून परत जाताना त्याने कपड्यात दडवलेला लाल फडका काढून उलगडला. त्यावर एकच शब्द होता. त्याचा अर्थ, हद्द आखून द्या. म्हणजे, आमच्या जमिनीची सीमा ठरवा, ती आमच्या नावावर करा. जगभर जे चित्रण गेले, त्यात हा फडका दाखवलाच नाही.

वाचकहो, या ठिकाणी आम्ही बराच वेळ अडकून पडलो. मुलाच्या हातात कबुतर होते तेव्हा तो हवा होता. त्याच हातात मागणी आली तेव्हा कॅमेरा दुसरीकडे वळला. आपल्या लोकांनाही हा अनुभव नवा नाही. मिरवणुकीत लेझीम खेळायला, स्वागताला, रांगोळीला आपण चालतो. अर्ज घेऊन गेलो की साहेब मीटिंगमध्ये असतात.

त्याच सोहळ्यात दुसरी एक मोठी गोष्ट घडली होती. मिगेल निकोलेलिस या शास्त्रज्ञाच्या चमूने एक यांत्रिक सांगाडा तयार केला होता. कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या एका तरुणाने तो अंगावर चढवला आणि मेंदूच्या इशाऱ्यावर पाय हलवून चेंडूला लाथ मारली. खरे तर यासाठी सारे मैदान उभे राहायला हवे होते. पण हे दृश्य टीव्हीवर जेमतेम काही सेकंद दिसले. गाण्यांना मात्र भरपूर वेळ होता.

कतारचे तर विचारूच नका. २०२१ साली इंग्लंडच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने लिहिले की २०१० पासून भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या देशांतले साडेसहा हजारांवर कामगार कतारमध्ये मेले. यात सर्व कारणांनी झालेले मृत्यू आहेत, केवळ मैदानांवरचे नाहीत, हेही खरे. आयोजक म्हणत, मैदानांच्या कामावर अपघाताने तिघेच मेले. पुढे त्यांच्याच प्रमुखाने स्पर्धा चालू असताना एका मुलाखतीत विश्वचषकाशी संबंधित कामांवर चारशे ते पाचशे मेल्याचे सांगितले. तीन, पाचशे की त्याहून अधिक? माणसांचा हिशेब असा असतो का? आतषबाजीचे दारूगोळे मात्र कोणीतरी नक्की मोजून घेतले असतील.

हे सगळे आम्ही त्या दिवसांत वस्तीत मोठ्या तावातावाने बोलत होतो. वाचनालयात तर अर्धा तास भाषणच ठोकले. आता पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

सहाच महिन्यांनी, म्हणजे मे २०२३ मध्ये, आमच्या क्रीडा मंडळाच्या फुटबॉल स्पर्धा होत्या. सात-सात खेळाडूंचे सोळा संघ. एका दिवसात सगळे सामने. मंडळाचे खजिनदार आम्ही. उद्घाटन सकाळी नऊला ठेवले होते. प्रमुख पाहुणे म्हणून एक लोकप्रतिनिधी येणार होते. व्यासपीठ, मंडप, ढोल-ताशा, सारे सज्ज. वस्तीतल्या वीस मुली लेझीम घेऊन उभ्या, त्यात आमची धाकटी. सोळा संघ ओळीने उभे. दहा वाजले. अकरा वाजले. पाहुण्यांचा फोन आला, निघालो आहोत. साहेब आले सव्वाबारा वाजता. वीस मिनिटे भाषण केले, चेंडूला पाय लावला, फोटो काढला आणि निघून गेले. एकही सामना पाहिला नाही.

त्या तीन तासांत मे महिन्याच्या उन्हात दोन मुलींना चक्कर आली. त्यातली एक आमचीच होती. तिला सावलीत झोपवून आमच्या मिसेस पाणी मारत होत्या आणि आम्ही कुठे होतो? आम्ही फाटकाजवळ पुष्पगुच्छ हातात धरून गाडीची वाट पाहत होतो.

उशीर झाल्यामुळे सामन्यांचा वेळ निम्मा केला. अंतिम सामना अंधारात झाला. चेंडू दिसत नव्हता. त्यातच गोलरक्षकाचा पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत कापूस आणि बामची डबी. बर्फ आणायला एक पोरगा मच्छीवाल्याकडे धावला.

रात्री हिशेब लिहायला बसलो. वर्गणी आणि देणग्या मिळून जमा एक्केचाळीस हजार. खर्च असा: मंडप, व्यासपीठ, खुर्च्या ९,५००. ध्वनिक्षेपक ४,०००. शाली, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्हे ६,२००. ढोल-ताशा ५,०००. बॅनर ३,३००. म्हणजे उद्घाटनावर अठ्ठावीस हजार. आता खेळ: चेंडू २,४००. पंचांचे मानधन ३,०००. चषक ४,५००. पाणी आणि नाश्ता २,९००. प्रथमोपचार २००. म्हणजे खेळावर तेरा हजार.

लोकांनी वर्गणी खेळासाठी दिली होती. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पन्नास-पन्नास रुपये दिले होते. त्यातले दोन-तृतीयांशहून अधिक पैसे आम्ही साडेतीन तासांत उधळले, त्यातले तीन तास तर नुसती वाट पाहण्याचे. हिशेब बिनचूक जुळला, एका रुपयाचा फरक नव्हता. पण असा जुळलेला हिशेब पाहून आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

मागून आईने वहीत डोकावले. तिला अक्षर कळत नाही, पण माणूस कळतो. ती म्हणाली, “त्या कतारवाल्यांना नावं ठेवत होतास ना रं?”

तेव्हा आम्हाला २०१७ ची आठवण झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या भारतात झाला. सरकारला मोठा उद्घाटन सोहळा हवा होता. पण फिफाने नकार दिला. या वयोगटाच्या स्पर्धेला तसा रिवाज नाही आणि मैदानाच्या गवताची खराबी होते, असे कारण होते. दिल्लीत जुन्या खेळाडूंचा छोटासा सत्कार तेवढा झाला. आम्ही ६ ऑक्टोबरला थोरल्याला घेऊन हार्बरच्या लोकलने नेरूळला गेलो. डी. वाय. पाटील मैदानात शिरलो, जागेवर बसलो, दोन्ही संघ आले, राष्ट्रगीते झाली आणि शिट्टी वाजली. झाले उद्घाटन! न्यूझीलंड आणि तुर्कस्तान यांची एक-एक अशी बरोबरी. त्यानंतर पॅराग्वेने मालीला तीन-दोन असे हरवले. एका संध्याकाळी दोन सामने आणि सात गोल. थोरला परतीच्या गाडीत दारात उभा राहून सारे गोल पुन्हा सांगत होता. ‘बाबा, नाच का नव्हता?’ असे त्याने एकदाही विचारले नाही. सोहळा नव्हता म्हणून स्पर्धेचे काही बिघडले का? तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. या वयोगटाच्या विश्वचषकातला तो विक्रम ठरला.

त्याआधी २००६ मध्ये जर्मनीनेही अनुभव घेतला होता. बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर स्पर्धेपूर्वी भव्य सोहळा ठरला होता. फिफाने जानेवारीतच तो रद्द केला, गवत खराब होईल म्हणून. मग ९ जूनला म्युनिकमध्ये आटोपशीर कार्यक्रम झाला आणि सामना सुरू झाला. सहाव्याच मिनिटाला फिलिप लामने लांबून गोल मारला. त्या सामन्यात जर्मनीने कोस्टारिकाविरुद्ध चार आणि कोस्टारिकाने दोन असे सहा गोल झाले. प्रेक्षकांना आणखी काय हवे होते?

पण धडा घेण्याऐवजी रोग वाढतच आहे. फुटबॉलच्या नियमात मध्यंतर पंधरा मिनिटांहून मोठे नसावे, असे लिहिले आहे. तरी १३ जुलै २०२५ ला अमेरिकेत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरात गाण्यांचा कार्यक्रम घुसवला आणि मध्यंतर लांबले. आधी दारात असलेला थाट आता माजघरात आला.

२०२४ च्या स्पर्धेआधी मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला: उद्घाटन नाही, व्यासपीठ नाही, सकाळी सातला पहिली शिट्टी. मोठा गोंधळ झाला. कोणी म्हणाले, पाहुण्यांचा अपमान होईल. कोणी म्हणाले, देणगीदार तुटतील. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दरवर्षी दहा हजार देणाऱ्या गृहस्थांनी, नाव पुकारणार नसाल तर पैसे कशाला, असे म्हणून हात आखडता घेतला. दुसऱ्यानेही दोन हजार दिले नाहीत. जमा एकदम बारा हजारांनी खाली आली, एकोणतीस हजारांवर. खजिनदार म्हणून आमच्या पोटात गोळा आला. दोन रात्री झोप लागली नाही.

आणि घरात वेगळेच संकट. धाकटी आमच्याशी बोलेना. महिनाभर लेझीम बसवले होते पोरींनी. आमच्या मिसेस म्हणाल्या, “अहो, साहेबांचं भाषण नको ते बरोबर. पण पोरींनी काय गुन्हा केला? त्यांना वर्षातून एकदा चार लोक बघतात.” याला आमच्याकडे उत्तर नव्हते. सोहळ्यांत नाचणाऱ्या त्या हजारो मुलामुलींविषयीही आमचे हेच म्हणणे आहे. त्यांची मेहनत खरी असते. पण लोक बसलेले असतात दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत. कलावंताला असे उंबऱ्यावर उभे करणे हा त्याचा मान नव्हे.

शेवटी आईनेच तोड काढली. म्हणाली, “शेवटाला ठेवा की. ऊनबी नसतंय अन् माणूसबी जमलेलं असतंय.”

तसेच केले. सकाळी सातला पंचाने शिट्टी वाजवली. व्यासपीठ नव्हते, म्हणून सगळे प्रेक्षक एकाच उंचीवर, दगडी कठड्यावर आणि जमिनीवर बसले. मंडप होता, पण तो खेळाडूंच्या विश्रांतीसाठी. प्रथमोपचाराची पेटी भरलेली होती, बर्फ होता आणि वस्तीतली एक परिचारिका दिवसभर बसून होती. ज्या पोरांकडे बूट नव्हते अशा अकरा जणांना मंडळाने बूट दिले. सामने पूर्ण वेळेचे झाले. अंतिम सामना उजेडात संपला. आणि मग, साडेपाचच्या सुमारास, साऱ्या वस्तीसमोर मुलींनी लेझीम धरले. दिवसभर खेळून दमलेले सोळा संघ गोल करून बसले आणि टाळ्यांनी ठेका देऊ लागले. धाकटीचा अबोला तिथे सुटला.

एवढे करूनही हिशेबात साडेतीनशे रुपये तूट आली. ती खजिनदाराने भरली. मिसेसना अजून सांगितलेले नाही. आता हा लेख छापून आला की कळेलच.

जे दहा हजार गेले ते परत आलेले नाहीत. पुढच्या वर्षी व्यासपीठ हवेच, असे म्हणणारे मंडळात अजून आहेत आणि ठराव पुन्हा मतास येईल तेव्हा आम्ही हरूही. जगाच्या विश्वचषकाचे सोहळे थांबवणे तर आपल्या हाती नाही. पण प्रत्येक वस्तीत एखादे मैदान असते, एखादे मंडळ असते आणि वर्गणीची एक वही असते. ती वही ज्याच्या हातात असेल, त्या समाजबांधवाला आमची विनंती आहे. उद्घाटनाच्या खर्चाची रक्कम लिहिण्यापूर्वी उन्हात ओळीने उभ्या असलेल्या पोरांकडे एकदा पाहावे. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, जो आमच्या चाळीतल्या पोराने १९९० साली विचारला होता.